केस कोरडे असतील तर तेल टोकांना विचारून निवडा

माझे केस कमरेपर्यंत आहेत, साधारण ६० सेंटिमीटर. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वेणीचं टोक जवळजवळ पाच वर्षांचं झालं. पाच वर्षांचं ऊन, शाम्पू, टॉवेल आणि कंगवा त्या टोकाने सोसलाय. ते दोन बोटांत धरून चोळलं की वाळक्या गवतासारखी करकर ऐकू यायची. मुळांजवळ मात्र केस मऊ. टाळूचं नैसर्गिक तेल तिथेच राहतं, एवढ्या लांब टोकापर्यंत पोचतच नाही. हे ध्यानात आलं आणि मी तेल डोक्याला चोळायच्या ऐवजी खालच्या अर्ध्या केसांना लावायला लागले. गेल्या वर्षभरात चार तेलं वापरली, त्यांबद्दल लिहिते.

पहिलं बदामाचं, असं मला वाटलं होतं. बाटलीवर मोठे बदाम, मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी. यादीत सगळ्यात जास्त असलेला घटक आधी लिहितात, आणि इथे पहिलं नाव होतं पॅराफिनम लिक्विडम, म्हणजे खनिज तेल. बदाम तेल पार शेवटून दुसरं. खनिज तेल काही विषारी नाही, केस वरून गुळगुळीतही करतं. पण मी बदामाच्या तेलाचे पैसे मोजले होते, आणि ही फसवणूक मला अजून खुपते. तेव्हापासून बाटली उलटी करून वाचल्याशिवाय मी घेत नाही.

एरंडेलाने तर घात केला. ते मधासारखं दाट असतं, कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास एकच आम्ल असतं, रिसिनोलिक. मी ते कोरड्या केसांवर भरपूर थापलं आणि धुताना सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले. मानेमागे मुठीएवढा गठ्ठा झाला, लोकर दाबून केलेला नमदा असतो तसा. बहीण दोन तास मागे बसून एकेक बट सोडवत होती. शेवटी म्हणाली, "ताई, एवढं कापावंच लागेल गं." चार बोटं केस गेले. एरंडेलानंतर केसांचा असा गठ्ठा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांतही आहे. लांब केसांना नुसतं एरंडेल लावू नका, हे मी कळकळीने सांगते.

आता खोबरेल. शुद्ध, घाण्याचं, दुसरं काहीही न मिसळलेलं. साध्या तेलाचं इतकं कौतुक कशाला, असं वाटेल, पण कारण पक्कं आहे. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे सारखं होत राहिलं की वरचे खवले उचकटतात. तेल आधीच आत असेल तर केस पाणी कमी पितो. २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलाने. तेल केसात ओलावा घालत नाही, केसाचं रक्षण करतं. म्हणून मी ते धुण्याआधी लावते. दोन तास आधी, एक चमचा, कानाच्या खालच्या केसांना. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही. कोंडा झाला असेल तर टाळूला कुठलंच तेल लावत नाही. कोंड्यामागची यीस्ट तेलावरच पोसते.

सहा आठवड्यांनी फरक दिसला. धुतल्यावर कंगव्यात अडकणारे तुकडे कमी झाले, वेणीच्या टोकाची करकर गेली. फाटे फुटलेली टोकं मात्र कुठल्याही तेलाने सांधत नाहीत. ती कापली.

चौथं आर्गन, मोरोक्कोतल्या आर्गन नावाच्या झाडाच्या बियांचं. हलकं, किंचित दाण्यासारखा वास. धुतल्यावर केस ओलसर असताना तीन थेंब तळव्यावर चोळून फक्त टोकांना लावलं की दिवसभर पिंजारत नाहीत. एकट्या आर्गनवर माझ्या केसांचं भागलं नाही, पण खोबरेलाच्या जोडीला उत्तम. गडद काचेची छोटी बाटलीच घ्या, उजेडात तेल लवकर खवट होतं.

बहिणीचे केस वेगळे, बारीक आणि सरळ. माझं बघून तिनेही खोबरेल लावलं, तर दोनदा धुऊनही केस ताठ, चिकट. तिच्यासाठी मग प्रमाण आणि वेळ बदलली. खोबरेल चार थेंब, तेही अर्धा तासच, आणि धुतल्यावर आर्गनचा एक थेंब. परवा तिने वेणी पुढे घेतली, टोक माझ्या कानाशी चोळलं आणि विचारलं, "येतोय का गं आवाज?" नाही आला.