‘तुझं ओरिजिनल करू’ म्हणत ५,३२,८०० रुपयांना गंडा

गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईबाबांनी हे वाचावं. बाकीच्यांना ‘शिकलेली मुलगी असून फसली कशी’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. नातेवाइकांकडून ते ऐकून झालंय.

एका मराठी वाहिनीच्या स्पर्धेत मी शेवटच्या सहांत होते. कोणत्या ते सांगत नाही, कारण मला गंडवणारा माणूस वाहिनीचा नव्हता, फक्त ‘आपलं तिथे सगळं सेटिंग आहे’ म्हणायचा. असले लोक कसे गाठतात ते तुम्हाला माहीतच आहे. ग्रँड फिनालेच्या गर्दीत नाव-नंबर घेतात आणि वर्ष-दीड वर्षाने, फोन वाजायचे बंद झाले की बरोबर उगवतात.

त्या वर्ष-दीड वर्षाबद्दल बोलते, म्हणजे आम्हाला नुसतं मूर्खात काढायच्या आधी थोडा विचार होईल. शोच्या करारात होतं, पुढचं वर्षभर परवानगीशिवाय बाहेर गायचं नाही. लोक तुम्हाला ओळखतात ते नेमकं तेच वर्ष. करार संपतो तोवर नवीन सीझन सुरू झालेला असतो आणि गणपती-नवरात्रातल्या सुपाऱ्या नव्या पोरांना जातात. २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकली, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरोघरी मुलांना क्लास लागले होते. त्यातली मी एक. घरातल्यांनी तेव्हापासून खस्ता खाल्ल्यात. आणि आता जो तो सांगत होता, दुसऱ्यांची गाणी गाऊन किती दिवस भागणार, स्वतःचं ओरिजिनल, म्हणजे स्वतःचं नवं गाणं हवं. हे खोटं होतं का? नव्हतं. म्हणूनच तर ‘तुझं ओरिजिनल करू’ म्हणत तो आला आणि सापळा लागला.

आकडे लिहिते. टोकन ५०,०००. अरेंजमेंट (वाद्यांची रचना) आणि रेकॉर्डिंग १,७५,०००. व्हिडिओ २,१०,०००, त्यावर ‘जीएसटी’ ३७,८००. प्रमोशन ६०,०००. एकूण ५,३२,८००. यातले दोन लाख बाबांनी पतसंस्थेतून काढले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, उरलेले माझ्या कार्यक्रमांचे. जीएसटी लावलेल्या बिलावर जीएसटी नंबरच नव्हता, हे आमच्या लक्षात फार उशिरा आलं. तुम्ही आधी बघा. १५ आकडी-अक्षरी नंबर असतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं.

पण बिल राहू दे. बिलातलं मला कळत नाही, गाण्यातलं कळतं, आणि खरा संताप तिथलाच आहे. माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, पेटीवरची काळी चार. वयाच्या नवव्या वर्षापासून तीच. त्याने ‘खास तुझ्यासाठी केलेलं’ म्हणून जो ट्रॅक ऐकवला तो त्याहून खालच्या पांढरी चारमध्ये होता. मुखडा मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’वर उतरतो, तिथे माझा आवाज दबत होता. बाबा भजनात पेटी वाजवतात, ते तिथल्या तिथे म्हणाले, “हे हिच्या पट्टीत नाही.” त्यावर हा म्हणतो, “काका, बासरी आणि व्हायोलिन लाइव्ह वाजवलंय. आता पट्टी चढवली तर प्लास्टिक वाटेल.” गंमत म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मी मान डोलावली. अहो, पण माझ्यासाठी गाणं केलं तर लाइव्ह वाजवायच्या आधी मला पट्टी विचारली का नाही? कोणताही अरेंजर पहिला प्रश्न तोच विचारतो! रेडीमेड ब्लाउज कोणाच्या तरी मापाचा असतोच.

आणि स्क्रॅच. चाल कळावी म्हणून कुणीतरी साधंच गाऊन ठेवतं, तो स्क्रॅच. इथे त्यावर एका मुलीचा आवाज होता, पक्क्या हरकती, श्वास साफ केलेले, वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मिक्स केलेला स्क्रॅच कोणी ऐकलाय का? मला त्या मुलीचं गाणं आवडलं होतं. “कोण गायलंय, छान गायलंय,” एवढंच मी विचारलं. “आहे एक कोरसवाली,” तो म्हणाला. “तू फक्त गा गं, बाकी दादावर सोड.”

मी गायले. मुंबईत मढला एका बंगल्यात शूटिंग झालं. वीस सेकंदांचा टीझर आला आणि त्यानंतर ‘कंपनीशी बोलणं चालू आहे’ एवढंच. शेवटी कंटाळून मी माझ्याच गाण्याचा तुकडा माझ्याच पानावर टाकला, तर त्यावर कॉपीराइटचा दावा आला! दाव्यात गाण्याचं नाव तेच, गायिका वेगळी. तिला शोधलं. ती ‘कोरसवाली’ माझ्यासारखीच, दुसऱ्या स्पर्धेतली. तिच्याकडून ४,२०,००० घेतले होते. नागपूरची तिसरी मुलगी नंतर सापडली. एकच ट्रॅक, तिघींना विकलेला.

त्याच्याशी केलेला करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर होता, ‘कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात’ सगळे हक्क त्याचे. कॉपीराइट कायद्यात लिहिलंय की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे असले शब्द त्यासाठीच घुसडलेले असतात. पैसे तुमचे असतील तर मास्टर (गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग) तुमचं, हे कागदावर नसेल तर उठून या. २०१२ च्या दुरुस्तीपासून गायकाला रॉयल्टीचा हक्क आहे, हेही मला वकिलांच्या ऑफिसात बसल्यावर कळलं. शोमध्ये आम्हाला हसायचं कसं, रडायचं कधी ते शिकवलं, हे नाही.

आता पोलीस. गावातल्या ठाण्यात म्हणाले, पैसे मुंबईच्या माणसाला दिलेत, मुंबईला जा. मुंबईत म्हणाले, करार झालाय ना, मग हा दिवाणी मामला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. मी ते कलम मोबाइलवर दाखवलं तर साहेब म्हणाले, “मॅडम, वकिली शिकता का गाणं?” मग कॉन्स्टेबलला बोलावून माझ्याबरोबर सेल्फी. मग “एखादं म्हणा ना.” तक्रार लिहून घ्यायला यांच्याकडे माणूस नाही, गाणं ऐकायला चौघं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर उत्तर, तुम्ही स्वतःहून पाठवलेत. अहो, फसवणुकीत पैसे स्वतःहूनच पाठवतात, दरोडा असता तर वेगळं! (ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला ताबडतोब, त्याच तासात फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते.)

सगळ्यात मोठं नुकसान ‘थांबा’ या सल्ल्याने झालं. पोलिसांनी त्याला एकदा फोन केला, त्याने घाबरून ३,००,००० चा चेक दिला. तो परत आला, खात्यात पैसे नाहीत. “तो देतो म्हणतोय ना, घाई करू नका,” साहेबांनी समजावलं. बाबा सरळ माणूस, थांबले. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर त्या चेकवर कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा खटला उभा राहत नाही, हे त्या साहेबांना माहीत नसेल? चेकची तीन महिन्यांची मुदतही तोवर उलटली, त्यामुळे पुन्हा भरण्याचीही सोय उरली नाही. वकिलांच्या नोटिशीचे ८,००० वेगळे गेले आणि ती ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ म्हणून परत आली. ऑफिस तासावर भाड्याने मिळणारं होतं.

गीतकार-संगीतकाराला स्वतः फोन करा, मध्यस्थासमोर नको. आम्ही नंतर केला, तर त्याचेही पैसे बुडालेले. कंपनीचं नाव एक आणि यूपीआयवर दिसणारं नाव भलत्याच बाईचं असेल तर बटण दाबू नका.

आम्ही तिघींनी मिळून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवली आहे. तिथूनही काही झालं नाही तर त्याच नव्या कायद्याच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाणार. मधल्या काळात तो गप्प बसणार नाही, नवा सीझन आत्ताच संपलाय. म्हणून गाण्याची ओळख देऊन ठेवते: पावसाचं गाणं, सहा मात्रांचा ठेका, सुरुवातीला बासरी, पट्टी पांढरी चार, मुखड्याची दुसरी ओळ खाली मंद्र पंचमावर जाते. हे कोणी ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून ऐकवलं तर स्क्रॅचवरचा आवाज नीट ऐका. आता तो बहुतेक माझा असेल.