वाढत्या न्यूरॉनसाठी व्हॅम्प-२-पीएचफ्लुओरिन: घ्यावा का?

न्यूरॉन कल्चर करणारी पीएचडीची मुलं सारखी विचारतात की एक्सोसायटोसिस, म्हणजे पेशीतल्या मेम्ब्रेनच्या पिशव्या बाहेरच्या मेम्ब्रेनला मिळून जाणं, बघायला कुठला प्रोब, म्हणजे चमकणारी खूण, घेऊ. माझं उत्तर व्हॅम्प-२-पीएचफ्लुओरिन, म्हणजे त्या पिशव्यांवरच्या व्हॅम्प-२ या प्रोटीनला जोडलेलं, पीएचप्रमाणे पेटणारं-विझणारं चमकतं प्रोटीन. पण नुसतं चांगलाय म्हणून भागत नाही, टर्फ (TIRF) मायक्रोस्कोपवर बसायचा वेळ मोजून मिळतो आणि प्रोब चुकला तर तो सगळा फुकट जातो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे बघायचं कशाला? न्यूरॉनचा लांब धागा, म्हणजे ॲक्सॉन, वाढतो, फांद्या फुटतात, या सगळ्याला नवीन मेम्ब्रेन (पेशीचं आवरण) लागतं आणि लिपिडचं मेम्ब्रेन काही फुग्यासारखं ताणत नाही, क्षेत्रफळ जेमतेम ३-४ टक्के वाढलं की फाटायच्या बेतात येतं. म्हणजे माल आतूनच यायला हवा. तो व्हेसिकलमधून, म्हणजे त्या बारीक पिशव्यांमधून येतो, कायनेसिन ही मोटर प्रोटीन्स त्या मायक्रोट्युब्यूलवरून (पेशीतल्या रुळांवरून) पुढे नेतात आणि शेवटी स्नेअर प्रोटीन्स (व्हॅम्प-२ त्यातलंच एक) एकमेकांत पिळली जाऊन दोन मेम्ब्रेन एक होतात, हेच फ्यूजन. साधा हिशोब करा, १ मायक्रॉन जाडीचा १ मिलिमीटर ॲक्सॉन बनवायचा आणि व्हेसिकल १०० नॅनोमीटर व्यासाच्या धरल्या, तर १ लाख व्हेसिकल लागतात! दिवसाला १ मिलिमीटर वाढ धरली तर सेकंदाला एकापेक्षा जास्त फ्यूजन, तेही अहोरात्र, आणि एंडोसायटोसिसने, म्हणजे उलट्या प्रक्रियेने, परत आत जाणारं मेम्ब्रेन यात धरलेलंच नाही. मला हा आकडा अजूनही थक्क करतो.

आता प्रोबबद्दल. हा १९९८ चा, मीसेनबॉक आणि रॉथमन यांचा, म्हणजे तेच जेम्स रॉथमन ज्यांना २०१३ मध्ये शेकमन आणि स्यूडहोफ यांच्याबरोबर व्हेसिकल ट्रॅफिकवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. जेलीफिशच्या जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनमध्ये असे बदल केलेत की आम्लात तो विझतो. व्हेसिकलच्या आत पीएच साधारण ५.५, बाहेर ७.४. त्यामुळे फ्यूजन होऊन तोंड उघडलं की त्या क्षणी ठिपका लखकन पेटतो, आणि मग व्हॅम्प-२ मेम्ब्रेनमध्ये पसरायला लागलं की उजेडही चहूबाजूंनी पसरून विरतो. वाढत्या न्यूरॉनमध्ये, सिनॅप्स (न्यूरॉनमधले जोड) तयार व्हायच्याही आधी, हे ठिपके सोमावर (पेशीच्या मुख्य भागावर), न्यूराइटवर (त्यातून निघणाऱ्या धाग्यांवर), ग्रोथ कोनमध्ये (धाग्याच्या वाढत्या टोकात) पेटताना दिसतात. इतकी वर्षं झाली तरी बघताना अंगावर काटा येतो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टेफनी गप्टन यांच्या लॅबने उंदराच्या कॉर्टेक्समधल्या न्यूरॉनवर हाच प्रोब वापरून २०१८ मध्ये दाखवलं की हे फ्यूजन कुठेही कसंही होत नाही, त्याला जागेची आणि वेळेची शिस्त असते, आणि एवढ्या एक्सोसायटोसिसमधून एंडोसायटोसिस वजा केलं तरी पेशीच्या वाढीचा हिशोब लागू शकतो. त्याआधी त्यांच्याच कामातून कळलं होतं की नेट्रिन हा सिग्नल मिळाला की फ्यूजन वाढतं आणि ॲक्सॉनला फांद्या फुटतात, आणि ट्रिम-९ नावाचं प्रोटीन सिग्नल येईपर्यंत याला आवरून धरतं. असले प्रश्न विचारता येतात ते या प्रोबमुळे, म्हणून माझ्या मते पैसा वसूल.

वापरताना मात्र काळजी घ्या. टर्फ नसेल तर घेऊच नका असं मी स्पष्ट सांगते, कारण टर्फ काचेलगतचा साधारण १०० नॅनोमीटरचाच थर उजळवतो, साध्या एपिफ्लुओरेसेन्समध्ये (सगळी पेशी उजळवणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) बॅकग्राउंडपुढे हे ठिपके हरवून जातात. वर मेम्ब्रेनवर आधीच बसलेलं पीएचफ्लुओरिन चमकत असतं, ते सुरुवातीला ब्लीच करून (तीव्र प्रकाशाने विझवून) घ्या. कंट्रोल दोन हवेतच: अमोनियम क्लोराइड टाकलं की आतल्या सगळ्या व्हेसिकल पेटतात, म्हणजे प्रोब जागेवर आहे हे कळतं, आणि पीएच ५.५ चा बफर टाकला की बाहेरचा उजेड विझतो. ठिपका विझला म्हणून लगेच व्हेसिकल पुन्हा आम्लधर्मी झाली असं लिहून टाकू नका, प्रोटीन पसरूनही तो मंद होतोच, पसरतोय की नाही ते नीट मोजा. आणि एक्सप्रेशन, म्हणजे पेशीत बनणारं प्रोबचं प्रमाण, कमी ठेवा, जास्त बनलेलं व्हॅम्प-२ नको तिथेही जाऊन बसतं.

सगळ्यात मोठी मर्यादा वेगळीच आहे, तिच्यामुळेच मी ५ पैकी ४ देतेय. हा प्रोब फ्यूजनचा एकच रस्ता दाखवतो. टिटॅनस टॉक्सिन व्हॅम्प-२ कापतं, पण कोवळ्या न्यूरॉनला ते दिलं तरी न्यूराइट निघतात, कारण व्हॅम्प-७ हे त्याच कुळातलं दुसरं प्रोटीन त्या टॉक्सिनला दाद देत नाही. व्हॅम्प-२ नसलेल्या उंदरांचा मेंदूसुद्धा वरवर बघता नीट तयार होतो, पिल्लं मरतात ती जन्मल्याबरोबर. तेव्हा व्हॅम्प-२ चे ठिपके मोजून 'न्यूरॉन यामुळेच वाढतो' असा निष्कर्ष काढलेला पेपर माझ्याकडे आला तर मी व्हॅम्प-७-पीएचफ्लुओरिनचा डेटा मागेन. बजेट असेल तर दोन्ही एकदमच मागवा.

दुसऱ्या रंगात सोबत काही बघायचं असेल तर पीएचउजी (pHuji) हा तसाच पण लाल प्रोब २०१४ पासून आहे. पीएच ५.५ ते ७.५ मध्ये त्याचा उजेड २० पटीहून जास्त वाढतो, हिरव्या पीएचफ्लुओरिनचा सुमारे ५० पट, म्हणून बारीक व्हेसिकल मोजायच्या असतील तर त्या हिरव्यावरच मोजा आणि लाल सोबतीला ठेवा.