९ एमएमचं रिव्हॉल्वर घ्यावं का? दोन महिने शूटिंग रेंजवर घासून झाल्यावर लिहितोय

आमच्या घरात ९ एमएमचं पिस्तूल आहे, त्याच गोळ्यांचे डबे कपाटात आहेत, आणि बायकोचं मनगट जुनं दुखणाईत असल्यामुळे तिला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे खेचायला जड जातं. म्हणून विचार आला की तिच्यासाठी रिव्हॉल्वर बघू, पण तेही ९ एमएमचंच, म्हणजे दोन प्रकारच्या गोळ्या घ्यायला आणि सांभाळायला नकोत. आम्ही टेक्ससमध्ये राहतो, ग्रीन कार्ड झालंय (एच-१बीवाल्यांनी आधी नियम नीट वाचा, काही अपवाद सोडले तर नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे). सांगलीच्या काकांकडे परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर आहे, त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, कारण भारतात ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या गोळीच्या आकारात) येतं.

मुळात पिस्तुलाच्या गोळीला मागे बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिव्हॉल्वरचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळ्या, म्हणजे गोळ्यांची रिकामी कवचं, बाहेर ढकलणारा भाग) तिला धरू शकत नाही. यावर तोडगा निघाला पहिल्या महायुद्धात. १९१७ साली अमेरिकन सैन्याला 'एम१९११' मॉडेलची पिस्तुलं पुरेनात, मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनने त्याच पिस्तुलाच्या .४५ एसीपी गोळीची रिव्हॉल्वरं बनवली आणि तीन-तीन गोळ्या धरणारी पत्र्याची अर्धी चकती काढली. आजची मून क्लिप म्हणजे तीच चकती पूर्ण गोल केलेली, गोळ्या त्यात टकाटक बसतात आणि अख्खा गुच्छ एकदम सिलिंडरमध्ये जातो.

आणि हे खरंच भारी आहे हो! छोट्या नळीच्या .३८ स्पेशलमध्ये (रिव्हॉल्वरची नेहमीची, कडवाली गोळी) इजेक्टरचा दांडा आखूड आणि पुंगळ्या लांब, एकदोन हमखास अडकतात, नखाने उचकटून काढाव्या लागतात. ९ एमएमची पुंगळी १९ मिलिमीटरची, .३८ ची २९, त्यामुळे दांडा दाबला की पाचही पुंगळ्या क्लिपसकट खाली, आणि पुढची क्लिप आत. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने १९९९ मध्ये .४५ एसीपीच्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरने २.९९ सेकंदात सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या मारल्या, ते मून क्लिपमुळेच जमलं. शिवाय ९ एमएम .३८ पेक्षा बऱ्याच जास्त दाबाची, छोट्या नळीतूनही वेग चांगला राहतो आणि सरावाचा डबा स्वस्त पडतो.

पण सगळा खेळ क्लिपवर आहे हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ९ एमएमची क्लिप .४५ च्या क्लिपपेक्षा पातळ असते, बॅगेत तळाला राहून एक जराशी वाकली तर सिलिंडर फिरताना मागे घासायला लागलं आणि ट्रिगर मध्येच दगडासारखा जड झाला, बायको म्हणाली "अहो, हे अडकलंय". आता क्लिप काचेवर ठेवून बघतो, डुगडुगली की बाद. क्लिपमधून रिकाम्या पुंगळ्या काढायलाही वेगळं अवजार लागतं, बोटांनी केलंत तर क्लिपही वाकते आणि नखंही जातात. काही मॉडेलमध्ये क्लिपशिवाय गोळी उडते, पण मग पुंगळ्या एकेक करून काडीने ढकलायच्या. चार्टर आर्म्सच्या पिटबुलमध्ये एक्स्ट्रॅक्टरलाच स्प्रिंगवाले दात आहेत, क्लिप लागत नाही, ते मला चालवायला मिळालं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पिस्तुलाच्या गोळीत शिसं (पुढचा, उडून जाणारा भाग) पुंगळीने फार घट्ट आवळलेलं नसतं, आणि हलक्या रिव्हॉल्वरच्या झटक्याने न उडालेल्या गोळ्यांचं शिसं हळूहळू पुढे सरकतं. मित्राच्या एका हलक्या रिव्हॉल्वरमध्ये (कुठलं ते सांगत नाही, दोष गोळीच्या पकडीचा होता) चार झाडून पाचवी कॅलिपरने मोजली तर जवळजवळ एक मिलिमीटर लांब झालेली. अजून थोडी सरकली असती तर सिलिंडरच्या बाहेर डोकावून फिरणंच बंद, आणि असं अडकलेलं रिव्हॉल्वर दोन सेकंदात मोकळं होत नाही. त्यामुळे घरात ठेवायची जी गोळी असेल तिच्यावर ही टेस्ट कराच, डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

आता नेमकं कुठलं. रुगर एलसीआर ९ एमएम साधारण ४९० ग्रॅमचं, ट्रिगर मऊ, खिशात राहील असं, मला आवडलं. पण बायकोने दोन क्लिप मारल्या आणि मनगट चोळत खाली ठेवलं. मग रुगरचंच एसपी१०१, पाचच गोळ्यांचं पण सगळं स्टीलचं, एलसीआरच्या जवळपास दीडपट वजनाचं. त्यावर तिने पन्नास गोळ्या मारल्या, शेवटच्या क्लिपला हसत होती, आणि सात यार्डावर सगळ्या कागदावर. खिशात न्यायचं असेल तर माझ्या मते .३८ च बरं, क्लिप खिशात वाकणार आणि हलक्या बॉडीत शिसं सरकणार ही काळजी कायम राहील. घरातल्या लॉकबॉक्ससाठी आणि रेंजसाठी मात्र घ्या, तेही स्टीलचंच. स्नबनोझ (आखूड नळीचं) नकोच असेल आणि बजेट असेल तर स्मिथ अँड वेसनचं ९८६ बघा, सात गोळ्या बसतात.

आम्ही एसपी१०१ ला हो म्हटलंय. सोबत दहा जास्तीच्या क्लिपा, पुंगळ्या काढायचं अवजार आणि क्लिपांसाठी एक कडक डबा, तो डबा बायकोनेच आधी कार्टमध्ये टाकला.