रोज थोडं की आठवड्यातून तीनदा? मांस-मासे ताटात कसे वाटून घ्यावेत

मांस-मासे खायचे हे ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. खावेत की नाही, हा वाद इथे घेत नाही. आहार चांगला ठेवायचा म्हटलं की मापाचा प्रश्न येतो, आणि मापाच्या दोन पद्धती समोर येतात. पहिली, रोज एका जेवणात थोडं, म्हणजे शिजवलेलं पन्नास-साठ ग्रॅम. दुसरी, आठवड्यातले तीन दिवस नेमायचे, त्या दिवशी सव्वाशे-दीडशे ग्रॅम घ्यायचं आणि उरलेले चार दिवस अंडी, दूध-दही, डाळी-कडधान्यांवर काढायचे. आठवड्याची बेरीज दोन्हीकडे सारखीच, चारशे ग्रॅमच्या आसपास. पहिली पद्धत मी सव्वा वर्ष पाळली. दुसरीला आता तीन वर्षं होतील.

चारशेच का, हे थोडक्यात सांगतो. आरोग्य आणि पर्यावरण दोन्हींना मानवेल असा आहार सुचवणाऱ्या २०१९च्या ईट-लॅन्सेट अहवालात रोजची सरासरी मासे २८ ग्रॅम, कोंबडी २९ ग्रॅम आणि लाल मांस (मटण, बीफ, पोर्क) १४ ग्रॅम अशी धरली आहे. आठवड्याला ते पाचशेच्या जवळ जातं. कर्करोग प्रतिबंधावर काम करणारी वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड ही संस्था नुसत्या लाल मांसाबद्दल बोलते आणि शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही आठवड्याची कमाल मर्यादा सांगते. त्याच २०१९ साली संशोधकांच्या एका गटाने ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं उलटं मांडलं होतं: लाल मांस कमी करा म्हणण्याइतका पुरावा भक्कम नाही, लोकांनी आहे तसं चालू ठेवावं. त्यावर बराच गदारोळ झाला. मी या वादात निवाडा द्यायला बसलेलो नाही. दोन्ही बाजू वाचून चारशे, आणि त्यात लाल मांस शंभर-सव्वाशेच्या वर नाही, एवढं स्वतःपुरतं ठरवलं. कोणाचं पाचशेवर ठरेल, कोणाचं तीनशेवर. पुढचं सगळं त्यानंतरच्या वाटणीबद्दल आहे.

रोज थोडं खाण्याची बाजू कागदावर फार बळकट आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. बी-१२ या जीवनसत्त्वाचंच घ्या. प्रौढ माणसाची गरज रोजची दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण शरीर एका जेवणातून साधारण दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषून घेतं. त्यापुढे शोषण्याचं प्रमाण एकदम घसरतं. म्हणजे एका दिवशी ताट भरून मासे खाल्ले म्हणून आठवड्याचं सगळं बी-१२ साठून राहतं असं नाही. लोहाचंही तसंच. मांस-माशातलं लोह वनस्पतींमधल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, शिवाय मांसाचा छोटा तुकडा जेवणात असला तर त्याच जेवणातल्या डाळीतलं, पालेभाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं. रोज थोडं खाणाऱ्याला हा फायदा रोज मिळतो. प्रथिनंही रोजची रोज हवीत, वजनाच्या दर किलोमागे निदान ०.८ ग्रॅम. शिजवलेल्या चिकनचे पन्नास-साठ ग्रॅम म्हटले तरी त्यातले पंधराएक ग्रॅम येतात. त्या सव्वा वर्षात दुपारी चार वाजता काहीतरी तोंडात टाकावंसं वाटणं माझं खरोखर थांबलं होतं. मोजमाप काही केलं नाही, पण डब्यातला चिवडा-बिस्किटांचा खप कमी झाला हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग सोडली का? कारण ऐकायला किरकोळ वाटेल. फ्रीझरमधला गोळा.

रोज ताजं आणणं मला शक्य नव्हतं. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना ते शक्य नसतं. म्हणून आठवड्याचं एकदम आणायचं, पाकिटं करायची आणि गोठवायची. घरात खाणारे आम्ही दोघं. दोघांचं मिळून रोजचं कच्चं माप दीडशे ग्रॅम. एवढंसं पाकीट करायला बसलं की हाडासकट चिकनचे दोन तुकडे एका पाकिटात, दोन दुसऱ्यात, एक उरतो. माशाचं तर विचारूच नका. एक मासा दोन दिवसांत वाटायचा म्हणजे डोक्याकडचा भाग आज आणि शेपटीकडचा उद्या. शेवटी व्हायचं काय, की अर्ध्या किलोचं एक पाकीट जायचं आणि त्याचा तळहाताएवढा, दगडासारखा गोळा बनायचा. त्यातून आजच्यापुरतं काढता येत नाही. सुरी लावली तर सरकते, गरम पाणी ओतलं तर बाहेरचा थर पांढरा पडून शिजायला लागतो आणि आत बर्फ तसाच. मी एकदा बत्त्याने गोळा फोडायला गेलो आणि हाडाची कपची उडून ओट्यावर पसरली. रस्सा खाताना तशीच एक कपची दाताखाली आली, त्या दिवसापासून बत्ता लावला नाही.

गोळा पुरता वितळवला की पुढचं ठरलेलं. कच्चं चिकन किंवा मासा वितळल्यावर फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावा. फ्रिजमध्येच सावकाश वितळवलं असेल तर परत गोठवता येतं हे खरं, पण दुसऱ्या वेळी पाणी इतकं सुटतं की मांस चोथ्यासारखं लागतं आणि मासा तर कालथ्यावरच विस्कटतो. मग मनात येतं, आज सगळंच करून टाकू. पन्नास ग्रॅमच्या जागी शंभर-सव्वाशे पानात पडतं, आणि उद्या पुन्हा ‘रोज थोडं’ असतंच. त्या काळात मी ग्रॅम लिहून ठेवले नाहीत, रिकामी पाकिटं मात्र दिसत होती. महिन्याला नऊ-दहा लागायला हवी होती, तेरा-चौदा लागत होती. वाटणी छोटी ठेवायची म्हणून घेतलेली पद्धत आम्हाला आधीपेक्षा जास्त खायला लावत होती.

खिमा चपटा थापून गोठवला तर ही अडचण बरीचशी सुटते. बोटाने रेघा पाडून ठेवल्या की हवा तेवढा तुकडा मोडता येतो. पण रोज खिमा कोण खाणार? आणि मासे त्या युक्तीत बसतच नाहीत.

गोळ्याची दुसरी बाजू मला जास्त खटकली. सकाळी पाकीट खाली काढायला विसरलं की संध्याकाळी हात सॉसेजच्या पाकिटाकडे जायचा. वितळवायचं नाही, कापायचं नाही, पाच मिनिटांत तयार, आणि माप तर अगदी बरोबर: दोन सॉसेज म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. हीच गोष्ट मला नको होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लाल मांस त्याखालच्या, ‘बहुधा कारणीभूत’ या गटात आहे. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, एवढाच त्याचा अर्थ. धोका तंबाखूइतका मोठा असं त्यातून निघत नाही. पण रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा त्यांचा आकडा, आणि माझं रोजचं माप नेमकं तेवढंच. आठवड्यातून दोन-तीनदा का होईना, मी चांगल्या सवयीच्या नावाखाली तेच खात होतो. तिथे पद्धत बदलायचं ठरलं.

आता तीन दिवसांची. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. दोनदा मासे, एकदा चिकन. महिन्यातून एक-दोनदा चिकनच्या जागी मटण. पाकिटं तीनच, प्रत्येकात दोघांना एका वेळी पुरेल एवढं. आदल्या रात्री एक पाकीट खालच्या कप्प्यात उतरवायचं, दुसऱ्या दिवशी सगळं शिजवायचं. उरवायचं काही नाही, परत गोठवायचं काही नाही. विसरलं तर त्या दिवशी अंडी होतात आणि दिवस पुढे सरकतो. फ्रीझरमध्ये किती पाकिटं उरली यावरून आठवडा कसा चालला आहे ते कळतं.

बी-१२चं काय? वर सांगितलेली अडचण खरी आहे, पण अंडी आणि दूध उरलेल्या चार दिवसांत थोडंथोडं भरून काढतात, आणि यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा वर्षानुवर्षं पुरेल इतका असतो. एखाददुसरा दिवस इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. ओमेगा-३च्या बाबतीत तर ही पद्धत मला उजवी वाटते. ईपीए आणि डीएचए ही माशांतली ओमेगा-३ स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात हळूहळू मुरतात, त्यामुळे रोजच्या हिशेबापेक्षा आठवड्याच्या बेरजेला महत्त्व. दोन्ही मिळून रोज २५० मिलिग्रॅम असं माप साधारण धरतात. तारलीसारख्या तेलकट माशाच्या शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दोन भरपूर वाटण्यांत आठवडा निघतो. पांढऱ्या, कमी तेलाच्या माशांत याच्या पाव हिश्शाइतकंही नसतं. जवस आणि अक्रोड चांगलेच आहेत, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं. शरीर त्यातून ईपीए फार थोडं बनवतं आणि डीएचए त्याहून कमी. रोज थोडं खायचो तेव्हा मासे बाजूला पडून चिकनच जास्त खाल्लं जायचं, कारण पन्नास ग्रॅम चिकन करणं सोपं. नेमलेल्या दिवसांनी माशांना हक्काची जागा दिली.

मासे वाढवताना कोणते हे मात्र पाहावं. पारा मोठ्या, शिकारी, दीर्घायुषी माशांत साठत जातो: शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, मोठे टूना. शिजवून तो जात नाही. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि लहान मुलं यांनी हे मासे टाळावेत, असं अन्नसुरक्षा यंत्रणा स्पष्ट सांगतात. तारली, बांगडा, मांदेली असे छोटे मासे या बाबतीत निर्धास्त, आणि तारली-बांगड्यात तेलही भरपूर. बांगडा आणि टूना यांची दुसरी गोष्ट लक्षात ठेवा: ते उबेत राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. मग कितीही उकळा, ते नष्ट होत नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं सुरू होतं. त्यामुळे वितळवणं फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

तीन दिवसांच्या पद्धतीत त्रास नाही असं नाही. उरलेले चार दिवस नीट रचावे लागतात. नुसता भात आणि बटाट्याची भाजी खाऊन ते काढले तर प्रथिनं कमी पडणारच. पहिल्या दोन महिन्यांत माझं तेच झालं, दुपारची ती भूक परत आली. सकाळी दोन अंडी आणि रात्री वाटीभर कडधान्य नेमाने सुरू केल्यावर गेली. कडधान्यं भिजवायला विसरणं आणि मांस खाली काढायला विसरणं सारखंच. फरक इतकाच की डाळ न भिजवताही शिजते.

यकृत-मूत्रपिंडाचा विकार असेल, युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे धरत असतील, तर मात्र या दोन्ही पद्धती बाजूला ठेवून डॉक्टरांनी दिलेलं माप पाळा.

आणि एका माणसासाठी मी आजही पहिलीच पद्धत सुचवीन. सत्तरीपुढची आई महिना-दोन महिने आमच्याकडे राहायला येते. तिला एका बैठकीत दीडशे ग्रॅम जातच नाही. चार घास झाले की ती ताट सरकवते. उतारवयात भूक कमी आणि प्रथिनांची गरज उलट जास्त, त्यात पोटातलं आम्ल कमी झाल्याने अन्नातलं बी-१२ सुटं होणंही मंदावतं. अशा माणसाला रोज थोडंच बरं. लोह कमी असलेल्या तरुण मुली आणि वेचून खाणारी लहान मुलं यांनाही तेच सोयीचं पडत असावं.

तिच्यासाठी आम्ही गोळ्याच्या नादी लागत नाही. बुधवारी आणि रविवारी तिच्या वाटणीचं वेगळं, मऊ शिजवून छोट्या तीन डब्यांत रश्श्यासकट भरतो. शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. रोज एक डबा बाहेर काढायचा आणि वाफ येईपर्यंत गरम करायचा. परत गरम केलेल्या चिकनला येणारा तो शिळसर वास मला सोसत नाही, म्हणून माझ्यासाठी हा उपाय कधी चालला नाही. तिला रश्श्यात तो जाणवत नाही, डबा रिकामा होतो.