ओट्याखाली शटर की पडदा?

ओट्याखालचा लाल सिलिंडर, त्याची नळी, कोपऱ्यातला मिक्सर आणि धुळीनं माखलेला स्टॅबिलायझर पाहुण्यांना दिसू नये म्हणून गावाकडे दोनच उपाय चालतात. सुतार बोलावून शटर बसवा, नाहीतर स्प्रिंगवर पडदा ओढा. आमच्याकडे दोन्ही आहेत. वाटणी झाली तेव्हा मोठ्या भावानं शटर लावले, मी पडदा लावला. मध्ये एकच भिंत, त्यामुळे तुलना आपोआपच होत राहते.

दिसायला शटर सरस, यात वाद नाही. सोयरीक जुळवायला माणसं आली की वहिनींचं स्वयंपाकघर दाखवलं जातं, आमचं नाही. पडद्याला हळदीचे हात लागतात, फोडणीचे शिंतोडे उडतात, सणासुदीला तो काढून धुवावा लागतो. मांजरही आत शिरून बसते.

पण आपली जमीन काळी. अकोट-दर्यापूरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराला थोडं थोडं हलवत राहते. कडप्प्याच्या दोन उभ्या फरशांमध्ये नीट मापानं बसवलेली चौकट मग काटकोनात राहत नाही. पीव्हीसी घेतलं तर उधई लागत नाही, फरशी धुतलेल्या पाण्यानं ते फुगतही नाही, प्लायपेक्षा बरंच. पण चौकटच तिरपी झाल्यावर दोन्ही सारखेच अडतात. भावाकडे श्रावणात सिलिंडरपुढचं शटर खालच्या कोपऱ्यात घासतं. एका हातानं ओटा धरायचा, दुसऱ्या हातानं हिसका द्यायचा, तेव्हा कुठे ते उघडतं. सुतार रंधा मारून जातो, की एप्रिलात तिथंच बोटभर फट आणि झुरळांना मोकळं रान.

तेवढंच असतं तर चालवून घेता आलं असतं. पण त्या हिसक्याच्या कंटाळ्यानं तिकडे रात्री रेग्युलेटर बंद करायचं राहून जातं. "सकाळी चहाला लागतेच ना," म्हणून सोडून देतात. आमच्या आईचा हात अंधारातही पडद्याआड बरोबर बटणावर जातो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. बंद कप्प्यात तो कोंडून राहणार आणि वास उशिरा येणार. पडदा जमिनीपासून चार बोटं वर ठेवला तर तो तसा कोंडत नाही, आणि झाडताना नळीकडेही नजर जाते. उंदरांचा त्रास असेल तर आतून तारेची जाळी असलेली केशरी नळीच घ्या, पण तीही ५ वर्षांनी बदलायची असते. पडद्याला कापड सुतीच बरं. आईच्या जुन्या लुगड्यात आमचे दोन झाले, नायलॉनच्या भानगडीत मी पडलो नाही.

फ्रिज मात्र कशातच कोंडू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मागची गरम हवा निघायला जागा नसली तर तो दिवसभर घरघरतच राहतो. खारपाणपट्ट्यात राहत असाल तर आरओही उघडाच ठेवा. आपल्या पाण्यात त्याचा मेम्ब्रेन लवकर जातो, आणि दर वेळी पेटी उचकटून देणारा माणूस कोण शोधणार?

घर मुरमाड जमिनीवर असेल, पाया पक्का असेल, तर शटर लावायला माझी ना नाही. फक्त सुताराला सांगून सिलिंडरच्या शटरला खालून जाळी मारून घ्या, आणि जमलंच तर तेवढा एक कप्पा पडद्यावर सोडा.