बोवी सुरा: टेक्सासचा आणि जॉर्जियाचा

नाव एकच, पण हे दोन सुरे एका पंगतीत बसवणं मला पटत नाही.

पहिला जिम बोवी या अमेरिकन लढवय्याचा. १८२७ साली मिसिसिपी नदीकाठच्या सँडबार (म्हणजे वाळूच्या पट्ट्यावरच्या) चकमकीत तो गाजला. भाऊ रेझिनने लिहून ठेवलेलं माप आहे: पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी, सरळ. म्हणजे चित्रांत दिसतं ते वाकड्या टोकाचं पातं नंतरचं! १८३६ मध्ये, टेक्सासच्या मेक्सिकोविरुद्धच्या लढ्यात, अलामो किल्ल्यात स्वयंसेवकांचं नेतृत्व याच बोवीकडे होतं, नियमित सैनिकांचं ट्रॅव्हिसकडे. ६ मार्चला किल्ला पडला तेव्हा बोवी आजारी, अंथरुणाला खिळलेला होता.

दुसरा १८६१ चा, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या, म्हणजे जॉर्जियासारख्या राज्यांतल्या स्वयंसेवकांचा. बंदुका पुरत नव्हत्या, म्हणून गावोगावचे लोहार कामाला लागले. जुनी कानस तापवून, ठोकून पातं काढायचं. काहींवर कानशीचे दाते आजही दिसतात. मुठीभोवती लोखंडी पट्टी वाकवलेली, इंग्रजी 'डी' अक्षरासारखी, बोटं वाचवायला. पातं फूट-दीड फुटाचं. पोरं ते छातीशी धरून फोटो काढून घेत. पण युद्ध लांब पल्ल्याच्या बंदुकांचं होतं. कूच सुरू झाल्यावर कमरेचं ओझं जड झालं आणि कित्येकांनी सुरे वाटेतच टाकले.

हत्यार म्हणून मी पहिलाच निवडेन: हलका, रोजच्या कामाचा. पण हातात धरून बघायचा झाला तर दुसरा. त्या ओबडधोबड पात्यात गावच्या लोहाराची घाई स्पष्ट दिसते.