कॅगलचे पायथन-पँडास सराव: पावसाळ्यापासून वापरतेय, त्याचा अनुभव

कॅगल ही डेटावरचं काम शिकायची वेबसाइट. तिथले पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), पँडास (पायथनमध्ये टेबलं हाताळायचं साधन) आणि डेटा व्हिज्युअलायझेशन (आलेख काढणं) हे तीन मोफत सरावसंच मी जूनपासून करतेय. तिन्ही पूर्ण झाले, काही धडे पुन्हा केले. माझं शिक्षण बी.कॉम., तेही बेळगावात. शाळा निपाणीकडच्या खेड्यात, मराठी माध्यमाची. टॅली आणि एक्सेल यापलीकडे कॉम्प्युटरशी संबंध नव्हता. इंजिनिअरिंगवाल्यांना यातलं बरंच पोरकट वाटेल. हे लिहिणं माझ्यासारख्यांसाठी आहे.

आधी निकाल सांगते: सराव चांगले आहेत, पैसे लागत नाहीत, जरूर करा. पण दुसऱ्या आठवड्यापासून शेजारी स्वतःच्या घरचा, दुकानाचा, शेताचा, कसलाही डेटा उघडा ठेवा. नुसते सराव करत बसलात तर सराव करणं तेवढं येईल.

इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. सगळं ब्राउझरमध्ये चालतं आणि आकडेमोड त्यांच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे माझा जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट पुरला. प्रत्येक धड्यात आधी थोडं वाचन आणि मग सरावाची नोटबुक, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायचं पान असतं. प्रश्नाखाली कोड लिहायचा, तपासायची ओळ चालवायची. बरोबर असेल तर तिथल्या तिथे कळतं. अडलात तर हिंट आहे, त्यापुढे उत्तरही आहे. पायथनचा पाया नसेल तर थेट पँडासला हात घालू नका. यादी, फंक्शन (नाव देऊन ठेवलेलं छोटं काम), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) एवढं हाताखालून गेलं की पँडासचे सहा धडे पेलतात.

भाषा इंग्रजी आहे. कोडचं इंग्रजी मूठभर शब्दांचं, ते आठवड्यात तोंडात बसतं. प्रश्नाचं इंग्रजी मात्र नीट वाचावं लागतं. मी प्रत्येक प्रश्न वहीत मराठीत उतरवून घ्यायचे, आणि निम्मं उत्तर तिथेच सुटायचं.

पँडासच्या सरावात वाइनच्या परीक्षणांचं टेबल आहे, जवळपास १ लाख ३० हजार ओळींचं. देश, किंमत, गुण, चाखणाऱ्याचं नाव. आमच्याकडे वाइन कोण पितंय! पण गुण भागिले किंमत करून सगळ्यात किफायती बाटली शोधा, हा प्रश्न मला फार आवडला, कारण असलाच हिशेब आपण पेंडीचं पोतं घेताना करतो. पँडास वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना लिहायला घेतलं. म्हणूनच की काय, त्याचा पिंड हिशेबनिसाचा आहे: तारखा, रकाने, सुटलेल्या नोंदी, गटवार बेरजा. कॉमर्सवाल्याला ते परकं वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. अशा कुठल्याही सरावात डेटा धुऊन-पुसून ठेवलेला असतो, रकान्यांना नावं असतात, आणि प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो. खऱ्या कामात या तिन्ही गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतात. हे मला मामांच्या दूध संकलन केंद्रावर कळलं. रोज सकाळ-संध्याकाळ सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) अशी नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. रजिस्टरची काही पानं मी एक्सेलमध्ये भरून घेतली, काही केंद्रावरच्या मुलाने आधीच भरलेली होती.

पहिला दणका तारखांनी दिला. ०५/०७ म्हणजे आपल्याला ५ जुलै. पँडास आपणहून महिना आधी धरतं, म्हणजे ७ मे. डेफर्स्ट ट्रू, म्हणजे दिवस आधी, असं सांगितल्यावर गाडी रुळावर येते. सरावात तारखांचा विषय जाता जाता येतो. माझ्या मते त्याला अख्खा धडा हवा.

मग आकडे. त्या मुलाने फॅटचे आकडे देवनागरीत टाइप केले होते. फाइल वाचताना पँडास ४.२ ला आकडा न मानता मजकूर म्हणून घेतं. बेरीज करायला गेलं की ४.२ आणि ३.९ मिळून ४.२३.९ असं शेपूट तयार होतं. गंमत म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणारं पायथनचं स्वतःचं फ्लोट हे फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार ओळखतं, कानडीही ओळखतं. रकान्यातल्या प्रत्येक नोंदीला ते लावलं की काम झालं. सीमाभागात राहणाऱ्याने हे लिहून ठेवावं. आपल्याकडे एका रजिस्टरात तीन लिप्यांतले आकडे सापडू शकतात. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये असतील तर मात्र आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणा, नाहीतर नुसता कचरा दिसतो.

सगळ्यात मोठा धडा शून्याचा. मशीन बंद असलं की फॅटच्या रकान्यात कुणी ० लिहितं, कुणी जागा कोरी सोडतं. माणसाला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, पँडासला नाही. कोरी जागा ते सरासरीतून वगळतं, शून्य धरतं. म्हशीच्या दुधाच्या तीन नोंदी घ्या: ६.४, ६.६ आणि ०. सरासरी येते ४.३! शून्याच्या जागी कोरं असतं तर ६.५ आली असती. एका शून्याने म्हशीचं दूध गाईच्या रांगेत जाऊन बसलं. वाइनच्या टेबलात काही किमती गाळलेल्या आहेत, गाळलेल्या जागा भरायच्या कशा तेही शिकवलंय. पण गाळलेलं आणि शून्य यातला फरक पोटात उतरला तो दुधामुळे.

आलेखांचा संच तिन्हींत हलकाफुलका आहे. सीबॉर्न हे पायथनचं आलेख काढायचं साधन वापरतात, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांचे प्रेक्षक, गोळ्या-चॉकलेटची लोकप्रियता असले विषय. दोन-तीन ओळींत देखणं चित्र येतं, त्यामुळे हुरूप येतो. मी मात्र याच्या जोडीला सीबॉर्नमधलाच ॲन्सकोम्बचा डेटा काढून बघा म्हणेन. फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये मांडलेले हे चार संच, प्रत्येकी ११ बिंदूंचे. सरासऱ्या, परस्परसंबंधाचा आकडा सगळं जवळपास सारखं, पण चित्रं काढली की चार तऱ्हा. आलेख कशाला काढायचा याचं याहून चोख उत्तर मला मिळालं नाही.

तेच मी केंद्राच्या फॅटवर केलं. हिस्टोग्राम (कुठला आकडा किती वेळा आला याचा आलेख) काढला तर दोन उंचवटे आले, मध्ये खोलगट. मामांना लॅपटॉप दाखवला.

"अगं, हे डोंगर कसले?"

"मामा, फॅटचे. किती वेळा कुठली फॅट लागली ते."

"मग अलीकडचा गाईंचा, पलीकडचा म्हशींचा. आणि तुझी ती सरासरी कुठं पडती?"

मी मधल्या खोलगट जागी बोट ठेवलं.

"तसलं दूध आपल्याकडं कोण घालतच नाही की! त्यावर दर काढू नकोस, लोक काठ्या घेऊन येतील."

गाय आणि म्हैस वेगळी करून ग्रुपबाय (पँडासमधला गटवार हिशेब) लावा, हे कुठल्याच हिंटमध्ये येणार नाही. ते मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं.

उत्तर बघायची सोय शाप की वरदान, यावर माझं मत ठाम आहे: हिंट बघा, उत्तर रात्री बघू नका. दमलेलं असताना उत्तर वाचलं की कळल्यासारखं वाटतं आणि सकाळी हात चालत नाही. पूर्ण केल्यावर सर्टिफिकेट मिळतं. ते ठेवा, पण बायोडेटात त्याच्या वर स्वतः केलेलं एखादं काम घाला. मला मुलाखतीत विचारलं ते दुधाबद्दलच.

सरावात कुठेच न येणारी एक गोष्ट राहिली, मराठी लेबलांची. सीबॉर्न ज्यावर उभं आहे त्या मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या साधनाच्या मूळ फॉण्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून गावांच्या नावांऐवजी चौकोन येतात. देवनागरी फॉण्ट दिला की अक्षरं येतात, पण मी वापरते त्या आवृत्तीत वेलांटी जागेवर बसत नाही: निपाणीचं नपिाणी, चिकोडीचं चकिोडी. हुक्केरीत जोडाक्षर सुटून पाय मोडलेला क दिसतो. अथणी, खानापूर तेवढी सहीसलामत सुटतात. गावकऱ्यांपुढे असला कागद ठेवता येत नाही. यावर प्लॉटली या आलेखाच्या दुसऱ्या साधनाचा उपाय लागू पडला. त्याचा आलेख ब्राउझरमध्ये उघडतो, अक्षरजुळणी ब्राउझरच करतो, त्यामुळे नावं बिनचूक येतात. तिथूनच पीडीएफ काढून केंद्रावरच्या प्रिंटरला पाठवते. पहिल्यांदा शिकणाऱ्याने मात्र सीबॉर्नच धरावं आणि लेबलं इंग्रजीत ठेवावीत; प्लॉटली नंतर चार दिवसांत जमतं.